मुक्या पेटीचा कारागीर

तंबोऱ्याचा भोपळा चांगला की वाईट, हे टिचकी मारली की कळते. टिचकीला उत्तर देतो तो भोपळा कामाचा. मठ्ठ राहतो तो बिनकामाचा. तार ती केवढीशी! एकटी वाजली तर तिचा आवाज हातभर अंतरावर विरून जायचा. तिला अंग देतो तो भोपळा आणि त्यावर बसवलेली लाकडाची तबली. सतार, सारंगी, व्हायोलिन, पियानो, सगळ्यांचे मर्म हेच. वाद्याचे अंग थरथरते, आपल्या गुणाने बोलते, म्हणून तर मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव होते.

आता दिवाणखान्यातल्या लाउडस्पीकरकडे पाहा. तीही एक पोकळ पेटीच. पण तिचा धर्म नेमका उलटा. गाणाऱ्याने गावे, वाजवणाऱ्याने वाजवावे आणि पेटीने मुकाट्याने गप्प बसावे. ती आपल्या मनाने बोलू लागली की घोटाळा झालाच म्हणून समजा. भीमसेन जोशींच्या खर्जात प्लायवूडचा खर्ज मिसळतो, पखवाजाची थाप खोक्यावर पडल्यासारखी ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला वाटते, आवाज काय भरदार आहे! खरे तर तो भरदारपणा गायकाचाही नसतो आणि वाद्याचाही नसतो. तो सुताराच्या फळीचा असतो.

ही फळी गप्प कशी बसवायची, या प्रश्नाच्या मागे एका इंग्रज माणसाने आपल्या आयुष्याचा सगळा उत्तरार्ध लावला. त्यासाठी त्याने सुताराच्या बरोबरीने गवंड्यालाही कामाला लावले. विटा, सिमेंट, वाळू असे घराच्या पायात जाणारे सामान त्याने संगीताच्या सेवेला जुंपले. आणि हे सगळे घरच्या घरी कसे करावे, हे त्याने पुस्तके लिहून जगाला सांगून टाकले. त्याचे नाव गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज. जन्म १८९०, मृत्यू १९७८. ध्वनियंत्रांच्या दुनियेत ‘वार्फडेल’ हे नाव आजही चालते, त्या कंपनीचे हे संस्थापक.

लोकरीच्या गावचा माणूस

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्ड हे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात ते लोकरीच्या कापडाची राजधानी होते. मुंबईच्या गिरणगावाचे जसे सुतावर चालायचे, तसे ब्रॅडफर्डचे सारे लोकरीवर चालायचे. या शहराला लागून असलेल्या क्लेटन गावी ब्रिग्ज यांचा जन्म झाला.

गिरण्यांचा मुलूख म्हणजे धूर, भोंगा आणि घाम, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. पण या मुलखाला संगीताचे वेड होते. क्लेटनच्या शेजारीच क्वीन्सबरी गाव. तिथल्या ब्लॅक डाइक गिरणीचा पितळी वाद्यांचा बँड १८५५ पासून वाजतो आहे आणि त्याचा लौकिक इंग्लंडबाहेरही पोहोचला आहे. दिवसा मागावर काम करायचे आणि संध्याकाळी कॉर्नेट घेऊन तालमीला बसायचे, असा तिथला रिवाज. ब्रॅडफर्डच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये मँचेस्टरचा प्रसिद्ध हाले वाद्यवृंद येऊन वाजवायचा. फ्रेडरिक डिलियस हा नामवंत संगीतकार १८६२ मध्ये याच शहरात, एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. गिरणगावात शाहिरी आणि भजनी मंडळे जशी फुलली, तसाच हा प्रकार होता.

ब्रिग्जही कापडाच्याच धंद्यात वाढले. त्यांच्याजवळ इंजिनियरची पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. दोन गोष्टी मात्र होत्या. एक म्हणजे पियानोचे अतोनात प्रेम आणि दुसरी म्हणजे खरे-खोटे ओळखणारा कान. पियानो हे वाद्य मोठे अवघड असते. जड खर्जापासून काचेसारख्या तार स्वरांपर्यंत त्याचा पल्ला. हातोडी तारेवर आपटल्याचा तो क्षणभराचा टणत्कार आणि मागाहून रेंगाळत विरणारा नाद. लाउडस्पीकरमध्ये खोट असेल तर पियानो ती हटकून उघडी पाडतो. घरात खरा पियानो ऐकलेल्या माणसाला रेडिओतला पियानो ऐकून चैन पडेना, हे ओघानेच आले.

तळघरातला उद्योग

१९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली आणि रेडिओने इंग्लंडची घरे काबीज केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा इंजिनियरांनी आज आपण वापरतो त्या प्रकारचा लाउडस्पीकर जगापुढे मांडला. त्याची रचना सोपी आहे. एक जबरदस्त चुंबक, त्याच्या फटीत बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. तारेतून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की वेटोळे पुढेमागे हलते, शंकू हलतो, शंकूपुढची हवा हलते आणि आपल्याला गाणे ऐकू येते.

१९३० नंतरची ती वर्षे जागतिक मंदीची. लोकरीच्या धंद्याला उतरती कळा लागलेली. अशा वेळी, १९३२ मध्ये, चाळिशी ओलांडलेल्या ब्रिग्ज यांनी आपल्या इल्कली गावच्या घराच्या तळघरात पहिला लाउडस्पीकर तयार केला. संसारी माणसाने चाळिशीनंतर, तेही मंदीत, ओळखीचा धंदा सोडून अनोळखी वाट धरायची, हे धाडस लहान नव्हते. इल्कली हे वार्फ नदीच्या खोऱ्यातले गाव. त्या खोऱ्याला वार्फडेल म्हणतात. उद्योगालाही तेच नाव मिळाले.

ब्रॅडफर्डच्या रेडिओ शौकिनांच्या संस्थेने भरवलेल्या स्पर्धेत ब्रिग्ज यांच्या लाउडस्पीकरांनी बाजी मारली आणि मागण्या येऊ लागल्या. १९३३ मध्ये ब्रॅडफर्डजवळ छोटासा कारखाना सुरू झाला. ब्रिग्ज आणि त्यांच्या पत्नी दोघेही हाताने स्पीकर जुळवत. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत वर्षाला नऊ हजारांहून अधिक स्पीकर तिथून बाहेर पडू लागले होते. युद्धानंतर कंपनीचा पत्ता होता आयडल, ब्रॅडफर्ड. आयडल या गावाच्या नावाचा इंग्रजीत अर्थ होतो आळशी. त्या गावी बसून या माणसाने जो उद्योग केला, त्याला मात्र आळस ठाऊक नव्हता.

१९४८ मध्ये ब्रिग्ज यांनी लाउडस्पीकरवर एक पुस्तक लिहिले आणि ते आपल्याच कंपनीतर्फे छापले. क्लिष्ट गणित जवळजवळ नाही, आकृत्या भरपूर आणि मधूनमधून यॉर्कशायरी मिश्किलपणा. पुस्तक हातोहात खपले, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९४९ मध्ये ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर दुसरे पुस्तक, १९५१ मध्ये पियानोवर तिसरे. आणि मग पुस्तकांची रांगच लागली. या पुस्तकांतून घरोघरच्या शौकिनांना त्यांनी जे शिकवले, त्यात सर्वांत मोलाचे प्रकरण पेट्यांचे होते.

पेटी का बोलते?

स्पीकरला पेटी लागतेच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. कागदाचा शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा सैल होते. पुढे दाब, मागे पोकळी. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. सेकंदाला पन्नास कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लहर सुमारे सात मीटर लांब. ती शंकूला सहज वळसा घालून मागे जाते आणि मागच्या उलट लहरीशी भेटून दोघीही नाहीशा होतात. म्हणून उघडा स्पीकर नुसता चिरचिरतो; ढोलाचा, पखवाजाचा डग्गा त्यातून येतच नाही. उपाय एकच. मागची हवा पुढच्या हवेपासून वेगळी करायची. स्पीकर पेटीत बसवायचा.

पण एक दुखणे गेले की दुसरे येते. मागे कोंडलेला आवाज जाणार कुठे? तो पेटीच्या भिंतींना आतून धक्के मारतो आणि भिंती थरथरू लागतात. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. बारा इंची स्पीकरच्या शंकूचे क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस सेंटिमीटर. तीन फूट उंच, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल पेटीच्या सहाही बाजू धरल्या तर क्षेत्रफळ भरते सुमारे पंचवीस हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंकूच्या पन्नासपट. एवढी मोठी फळी केसभर हलली तरी ती शंकूच्या तोडीचा आवाज काढू शकते. शिवाय फळीला स्वतःचा एक लाडका स्वर असतो. तो स्वर गाण्यात आला की फळी खूष होऊन घुमते, आणि गाणे पुढे गेले तरी ही मागे रेंगाळते. यातूनच तो सगळीकडे ऐकू येणारा, बोदा, एकसुरी घुमारा जन्म घेतो.

युद्धापूर्वी हे फारसे कोणाला खटकत नव्हते. तेव्हाच्या तबकड्यांची खरखरच इतकी होती की फळीचा आवाज त्यात बुडून जायचा. १९४८ मध्ये अमेरिकेत आणि १९५० मध्ये इंग्लंडमध्ये लाँग-प्ले तबकडी आली, १९५५ मध्ये बीबीसीचे एफएम प्रक्षेपण सुरू झाले आणि घरात स्वच्छ आवाज येऊ लागला. चष्म्याचा नंबर बरोबर मिळाला की भिंतीवरचे डाग दिसू लागतात, तसे पेटीचे दोष आता कानांना स्पष्ट जाणवू लागले.

गवंड्याचे काम

भिंत हलू नये, तर तिला वजन हवे. हा विचार काही नवीन नाही. पण ब्रिग्ज यांनी तो शेवटपर्यंत नेला. त्यांनी विटांच्या पेटीचा पुरस्कार केला. खोलीच्या कोपऱ्यात, घराच्या दोन भिंतींना टेकून, पुढून विटांची तिसरी भिंत उभारायची. दोन बाजू घराने फुकट दिलेल्या, खाली जमीन, वर जड झाकण. आत पोकळी सुमारे नऊ घनफूट, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. पुढच्या भिंतीत जागा सोडून तिथे स्पीकर बसवलेली जाड फळी स्क्रूने आवळायची आणि एक मोजून केलेले भोक ठेवायचे. या भोकाला फार महत्त्व. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती जशी खर्जात घुमते, तशी पेटीतली हवाही त्या भोकातून खर्जाला मदत करते. या युक्तीचे पेटंट अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले होते. म्हणजे पेटीतल्या हवेने बोलायचे, पण ठरवून दिले तेवढेच. भिंतींनी मात्र तोंड उघडायचे नाही.

विटेने नेमका काय फरक पडतो? तीन फूट रुंद, चार फूट उंच आणि अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंच जाडीच्या भिंतीचे वजन सुमारे २४० किलो भरते. तेवढ्याच आकाराच्या पाऊण इंची प्लायवूडचे वजन बारा-तेरा किलो. बारा इंची स्पीकरने कितीही जोर लावला तरी ही अडीच क्विंटलांची भिंत हलवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. कोपऱ्याचा आणखी एक फायदा असतो. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि जमीन मिळून खर्जाला एखाद्या मोठ्या कर्ण्यासारखा आधार देतात. तो खर्च न करता मिळतो.

अर्थात गवंड्याच्या कामाची पथ्येही आहेत. वीट सच्छिद्र असते, तिच्यातून हवा झिरपते. म्हणून आतून गिलावा करायचा किंवा रंगाचा जाड हात द्यायचा. दर्जा नीट भरायच्या, कुठे फट राहू द्यायची नाही. बांधकाम पुरते वाळल्याशिवाय स्पीकर बसवायचा नाही, कारण ओल धरली की कागदाचा शंकू कामातून गेला. आणि सगळ्यांत मोठे पथ्य म्हणजे आत मऊ अस्तर लावायचे. टणक भिंती हलत नाहीत हे खरे, पण त्या आवाज परतवतात. रिकाम्या घरात बोलले की आवाज जसा घुमतो, तसा पेटीच्या आत तार स्वर इकडून तिकडे आपटत राहतात आणि पातळ कागदातून पुन्हा बाहेर येतात. ते शोषून घ्यायला नमदा किंवा लोकर लागते. ब्रॅडफर्डच्या माणसाला ती शोधायला लांब जावे लागणार नव्हते!

हे सगळे करण्यामागे काळाची निकडही होती. युद्ध जिंकूनही इंग्लंड कफल्लक झाले होते. अन्नाचे रेशनिंग तिथे १९५४ पर्यंत चालले. इमारती लाकडावर युद्धानंतरही कित्येक वर्षे सरकारी नियंत्रण होते. चांगल्या लाकडाची, सुबक कोरीव पेटी सामान्य नोकरदाराला परवडणारी नव्हती. पण शनिवार-रविवारी बाह्या सरसावून घरचे काम घरीच करणारा हा समाज होता. त्याच्या हातात ब्रिग्ज यांनी थापी दिली.

इथेच या माणसाचे वेगळेपण दिसते. ब्रिग्ज हे काही संन्यासी नव्हते. त्यांचा कारखाना होता, कामगार होते, दरमहा पगार करायचे होते. स्पीकरबरोबर महागडी पेटी विकली तर नफा दुप्पट, हे कुठल्याही व्यापाऱ्याला कळते. आणि हा गृहस्थ गिऱ्हाइकाला सांगतो की स्पीकर माझ्याकडून घ्या, पण उत्तम पेटी हवी असेल तर ती माझ्या दुकानात नाही. ती वीटभट्टीवर आहे आणि गवंड्याच्या हातात आहे. व्यापाराच्या शहाणपणात हे बसत नाही. पण लोकांचा विश्वास बसला तो यामुळेच. जो आपल्या तोट्याचे खरे सांगतो, तो फायद्याचेही खरेच सांगत असणार, हे लोकांना उमगते.

वाळूची फळी

विटांच्या पेटीची अडचण उघड आहे. ती हलवता येत नाही. बदली झाली, भाड्याचे घर सोडावे लागले, तर पेटी तिथेच राहणार. माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर तर ती बांधणे म्हणजे खालच्या बिऱ्हाडावर संकट. आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भिंत बांधायची म्हटल्यावर घरच्या लक्ष्मीची परवानगी मिळवणे, ही कुठल्याही देशात सोपी गोष्ट नव्हे.

त्यावर ब्रिग्ज यांनी जो तोडगा लोकप्रिय केला तो फारच हुशारीचा. प्लायवूडच्या दोन पातळ फळ्या घ्यायच्या, त्यांच्यामध्ये इंचभर पोकळी ठेवायची आणि ती कोरड्या वाळूने ठासून भरायची. वजन तर वाढतेच. वर सांगितलेल्या आकाराच्या फळीत एक इंच वाळू भरली तर सुमारे ४५ किलो भर पडते. पण वाळूची खरी करामत वजनाच्या पलीकडची आहे. दगड, वीट, काँक्रीट हे पदार्थ हट्टी असतात. ते सहसा हलत नाहीत, पण एकदा नाद धरला की ते थोडे का होईना घुमतात. पातळ संगमरवरी फरशीवर टिचकी मारून पाहा, ती खणखणते. वाळूला मात्र नादच नाही. फळी थरथरू लागली की लाखो कण एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात थरथरीची शक्ती उष्णता होऊन जिरून जाते. वाळूच्या पोत्यावर काठी मारली तर जसा नुसता धप्प आवाज येतो आणि तिथेच संपतो, तसेच हे. वाळू कोरडी हवी, कारण ओल्या वाळूचे कण एकमेकांना चिकटतात आणि फळीही फुगते. घर बदलायचे झाले तर वाळू ओतून टाकावी, फळ्या उचलाव्यात आणि नव्या घरी नवी वाळू भरावी.

१९५६ च्या सुमारास वार्फडेलने वाळू भरलेल्या फळीवर तीन स्पीकर बसवलेला एक नमुनाच बाजारात आणला. त्याच्या कामात रेमंड कुक हा तरुण इंजिनियर ब्रिग्ज यांच्याबरोबर होता. या नमुन्याला मागे पेटीच नव्हती, नुसती जड आणि मुकी फळी.

सहा हजार कानांची परीक्षा

पेटी गप्प बसली की नाही, हे ठरवायचे कोणी? यंत्रे मोजमाप सांगतात, पण शेवटचा निकाल कानाचा. ब्रिग्ज यांनी हा निकाल चार भिंतींच्या आत न लावता भर सभेत लावायचे ठरवले. लंडनच्या थेम्स नदीकाठी १९५१ मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा राहिला होता. सुमारे तीन हजार श्रोते बसतील एवढा. नोव्हेंबर १९५४ मध्ये ब्रिग्ज यांनी तिथे तिकीट लावून कार्यक्रम केला. कार्यक्रम कशाचा, तर लाउडस्पीकर ऐकण्याचा. सोबतीला होते क्वाड कंपनीचे पीटर वॉकर आणि त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. पुढे अशा कार्यक्रमांची मालिकाच झाली. व्यासपीठावर खरा कलावंत वाजवायचा आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्याच वादनाची ध्वनिमुद्रिका स्पीकरवरून ऐकवायची. श्रोत्यांनी आपल्या कानांनी दोन्ही ताडून पाहायचे. ऑक्टोबर १९५५ मध्ये ब्रिग्ज थेट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जाऊन पोहोचले. जगातले थोर कलावंत जिथे गाऊन-वाजवून गेले, त्या व्यासपीठावर यॉर्कशायरचा एक माजी कापडवाला आपल्या पेट्या मांडून उभा राहिला.

यातला धोका लक्षात घ्या. खरे आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवायची आणि न्याय करायला तीन हजार माणसे बोलवायची, यात अब्रू पणाला लागते. ज्याला आपल्या पेटीचे दोष लपवायचे असतात तो असे करत नाही. आणखी एक गोष्ट आज मुद्दाम सांगावीशी वाटते. क्वाडचा त्या काळचा प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर होता अवघा पंधरा वॅटचा. आज आपल्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. हजारो वॅट ओतले जातात, घराच्या खिडक्या थडथडतात आणि म्हातारी माणसे कानांत बोळे घालून बसतात. ब्रिग्ज यांनीही स्पीकरसाठी भिंतच बांधली होती, पण ती आवाजाला वळण लावण्यासाठी.

दोन पेट्यांचा काळ

काळ कोणासाठी थांबत नाही. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता एक नव्हे, दोन स्पीकर हवेत, आणि तेही एकसारखे, ठरावीक अंतरावर. एका कोपऱ्यात विटांची भिंत बांधू देणारी गृहिणी दोन कोपरे कसे देणार? त्यातच अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये छोट्याशा बंद पेटीतून खोल खर्ज काढण्याची युक्ती शोधली होती. पेट्या लहान होऊ लागल्या, पुस्तकांच्या फडताळात जाऊन बसल्या. ब्रिग्ज यांनी त्याचे दुःख करत बसण्याऐवजी १९५९ मध्ये स्टिरिओवरही पुस्तक लिहून टाकले.

त्यांच्या जवळच्या माणसांनीही निराळ्या वाटा चोखाळल्या. पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये विजेच्या स्थिर भारावर चालणारा असा लाउडस्पीकर आणला की त्याला पेटीच नाही. रोग्यावर उपचार करण्याऐवजी त्यांनी रोगाचे घरच काढून टाकले! रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये केइएफ ही कंपनी स्थापन केली आणि तीही नावारूपाला आली. बीबीसीच्या संशोधकांनी पुढे आणखी वेगळाच विचार मांडला. फळी जड करण्याऐवजी ती पातळच ठेवा, पण तिला आतून डांबरी थर चिकटवा, म्हणजे तिचा नाद खाली सरकतो आणि तिथेच मरतो. तेव्हा जडपणा हाच एक मार्ग, असे म्हणता येणार नाही. पण या सगळ्यांचे साध्य एकच होते, पेटीला मुके करणे. आणि हे साध्य सामान्य शौकिनाच्या गळी उतरवण्याचे काम ब्रिग्ज यांच्या पुस्तकांनी केले होते.

१९५८ मध्येच ब्रिग्ज यांनी आपली कंपनी रँक ऑर्गनायझेशन या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. पण लेखणी थांबली नाही. १९६१ मध्ये त्यांनी ध्वनिक्षेत्रातल्या आपल्या समकालीनांची चरित्रे एकत्र करून छापली. त्यांत त्यांच्या धंद्यातल्या स्पर्धकांनाही मानाने जागा मिळाली. १९६२ मध्ये खास पेट्यांवर पुस्तक आले. आणि १९६७ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी पुस्तक लिहिले ते माणसाच्या ऐकण्यावर. वय झाले की कान आधी तार स्वर गमावतो. आयुष्यभर स्पीकरची खोट शोधणाऱ्या माणसाने शेवटी आपल्या कानाकडेही त्याच निर्विकार कुतूहलाने पाहावे, यात त्यांचा सगळा स्वभाव आला.

१९७८ मध्ये ब्रिग्ज गेले. वार्फडेलचे हक्क पुढे अनेक हातांतून फिरले आणि आज ते नाव एका आंतरराष्ट्रीय समूहाकडे आहे, ज्याचे कारखाने चीनमध्ये आहेत. विटांच्या पेट्या आता फारशा कोणी बांधत नाही. तरी हौशी माणसांची जात संपलेली नाही. कोणी सिमेंटचे नळ उभे करून त्यांत स्पीकर बसवतो, कोणी काँक्रीट साच्यात ओततो. आपल्याकडेही लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर आणून तो मातीच्या माठाच्या तोंडावर उलटा बसवणारे हौशी कलाकार काही कमी झाले नाहीत. गोल माठाच्या भिंती सपाट फळीपेक्षा ताठ असतात आणि आतली हवा खर्जाला साथ देते, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते. फक्त एवढेच की भाजलेला माठ टिचकीला छान उत्तर देतो, आणि म्हणूनच तो घटम् म्हणून शोभतो. स्पीकरसाठी त्याला बाहेरून ओल्या मातीचा किंवा सिमेंटचा जाड लेप द्यावा, वाळवावा, आणि मग ऐकावे. ब्रिग्ज यांचे पुस्तक हाती न पडताही त्यांचा धडा समजून येईल.

तो धडा स्पीकरपुरताच आहे असेही नाही. दुसऱ्याचे म्हणणे पोहोचवण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्या सगळ्यांनाच तो लागू पडतो. मग तो भाषांतरकार असो, बातमीदार असो किंवा घरातला निरोप्या असो. मूळ सुरात आपला सूर मिसळला की ऐकणाऱ्याला तो गोडही वाटतो, आणि तिथेच फसगत होते. आपल्या अंगचा घुमारा आवरून दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा पुढे द्यायचा, तर अंगी वजन लागते. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी ते विटांमध्ये आणि वाळूमध्ये शोधले, आणि सापडल्यावर सगळ्यांना वाटून टाकले.